ऑपरेटर वगळून

"त्या घळीत काय डोंबल ठेवलंय मोजायला?" आईनं विचारलं आणि लगेच गाडीची काच खाली केली. वाऱ्याच्या आवाजात माझं उत्तर ऐकावं लागू नये, ही तिची जुनी युक्ती.

आम्ही कोल्हापुराहून सावंतवाडीकडे निघालो होतो. तिकडे एका लेण्याचं माझं काम होतं, आणि आईला समुद्र बघायचा होता. वाटेत दोन दिवस तिच्या माहेरी, पाडळशेतला, तिच्या धाकट्या बहिणीकडे मुक्काम करायचा होता. माझा मावसभाऊ रणजित महिनाभर फोनवर भुणभुण करत होता, "ताई, येतीच आहेस तर आमची सटवाईची घळ पण करून दे की. नकाशा झाला की वारसास्थळांत गावाचं नाव लागतंय." मी हो म्हटलं, आणि त्या दिवसापासून आईचं तोंड वाकडं झालं ते झालंच.

"सगळ्या गावानं तपासणीला थुंकी दिली आई. तू एकटीच राहिलीस," मी काच वर करत म्हटलं.

"माहेरवाशिणीच्या थुंकीवाचून गावाचं अडलंय होय?"

"तुझा हात आहे ना त्या भिंतीवर? आणि माझी टाच? नकाशात दिसायला नको?"

"शर्वरी, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उघडली तर?"

"गाडी नीट चालव."

गाडी आपली आपण चालत होती, पण ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

घळीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मूल जन्मलं की पाचवीला सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे सगळीकडचंच. पाडळशेतात मात्र बाराव्या दिवशी आणखी एक काम असतं. वाळून पडलेली नाळ सुईण तेलात उगाळते, त्यात हळद कालवते आणि बाळ-बाळंतिणीला डोंगरातल्या घळीत घेऊन जाते. बाळंतिणीचा उजवा तळहात त्यात बुडवून भिंतीवर उमटवायचा, शेजारी बाळाची टाच. कशासाठी, तर हे लेकरू कुणाचं ते सटवाईला दाखवायचं. नाहीतर लिहिलेलं नशीब चुकीच्या घरी जातं आणि मूल दगावतं. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तरी हे काही सुटलं नाही. पुरुषांनी घळीत पाऊल टाकायचं नाही, आणि बायकांनी आतलं बाहेर बोलायचं नाही.

पहिलटकरीण माहेरी येते तशी आईही माझ्या वेळी पाडळशेतला आली होती. माझा पहिल्या वर्षातला एकही फोटो नाही. फोन विहिरीत पडला, असं ती सांगायची. मैत्रिणी मला चिडवायच्या, तू एकदम वर्षाचीच जन्मलीस. म्हणून त्या टाचेचं मला वेड लागलं होतं. माझं तेवढंच बाळपण कुठंतरी शिल्लक होतं, आणि तेही आईच्या हाताशेजारी. ते मला बघायचं होतं, आणि नकाशात कायमचं राहावं असं वाटत होतं. माझा हट्ट एवढाच होता.

आमच्या यंत्राला सगळे मुंगीच म्हणतात. खरं नाव फार लांबलचक आहे. बोटाच्या पेराएवढं यंत्र, सहा पाय, भिंतीवरून, छतावरून कुठंही चालतं. पाठीवरच्या किरणानं ते भिंतीचा प्रत्येक खळगा मोजतं, आणि तोंडातल्या सुईनं जागोजागी केसाहून बारीक कपचा उचलून चाखतं. माणूस जिथं हात लावतो तिथं त्याच्या कातडीचा, घामाचा, रक्ताचा काही अंश राहतो, आणि त्यात त्याचं डीएनए असतं. उन्हापावसात ते लगेच नासतं. पण घळीसारख्या थंड, अंधाऱ्या जागी वरून पाणी झिरपतं, दगडातला चुना घेऊन येतं, आणि भिंतीवर दरवर्षी नवा पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. त्याच्याखाली अडकलेलं टिकून राहतं. पूर्वी हे वाचायला प्रयोगशाळा लागायची आणि महिने जायचे. मुंगी जागच्या जागी वाचते. पडद्यावर गुहेचा आकार उभा राहतो आणि त्यावर रंगीत ठिपके येतात, एका माणसाचा एक रंग, आणि नातं जवळचं असलं तर त्याच रंगाच्या छटा. ज्यांनी आधी थुंकी दिलेली असते त्यांचं नावही येतं. ठिपक्यावर बोट ठेवलं की थराखालचे थर उघडत जातात.

यात एक गोम आहे. मुंगी सोडणारा माणूसही आत बसून श्वास घेतो, शिंकतो, डोकं खाजवतो. त्याची घाण भिंतीवर पडते आणि नकाशा बिघडतो. म्हणून सर्वांत आधी ऑपरेटरनं आपली थुंकी मुंगीला द्यायची. ती त्याला ओळखून ठेवते आणि जिथं तो सापडेल तिथं करडा ठिपका देते. शेवटी 'स्वच्छ करा' दाबलं की सगळे करडे ठिपके जातात. माझी टाच राखायची तर तेवढा एक ठिपका मला हातानं निवडून 'खरा' म्हणून ठेवावा लागणार होता. ती तजवीज मी आधीच करून ठेवली होती.

मुंगी आल्यापासून भिंती फार बोलायला लागल्या. कुठल्या गाभाऱ्यात कुणाचे पूर्वज शिरत होते, मानाची पालखी खरी कुणाची, कुठल्या इनामदाराच्या माजघरात कुणाचं रक्त सांडलं, सगळं निघायला लागलं. कोर्टं ते मानायला लागली. भाऊबंदक्या पेटल्या. ज्यांना धास्ती होती ते मुंगी यायच्या आधीच भिंती खरवडून चुना मारून घ्यायला लागले, आणि त्या कामाचे कंत्राटदारही निघाले. मी जेवताना यावर भाषणं ठोकायची. भिंत खोटं बोलत नाही, ज्याला खरं सोसत नाही त्यानं तोंड लपवून बसावं, वगैरे. आई ताटातला भात चिवडत ऐकून घ्यायची.

पाडळशेतला पोचलो तेव्हा काजूचा हंगाम होता. हेमामावशीच्या अंगणभर बोंडूंचा आंबूस वास सुटला होता. मावशी म्हणजे गावच्या पोलीसपाटलांची बायको. उंच, ताठ, मोजकं बोलणारी. बाकीच्या भाचरांच्या गालावरून हात फिरवायची, माझ्या वाट्याला मात्र कायम "आलीस का" एवढंच. हिला माझं तोंडाळपण खुपतं, असं मी धरून चालले होते.

"आलीस का," ती म्हणाली.

"आले. तुमची घळ चाखायला."

मावशीनं आईकडं बघितलं. आई चपला काढत होती. तिनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणजित मला घळीपर्यंत सोडायला आला. मी स्वतः बाळंतीण नव्हे, लग्नही केलेलं नाही, तेव्हा मला आत सोडावं की नाही यावर गावसभेत बराच काथ्याकूट झाला होता म्हणे. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "ती वासंतीची लेक. बारा दिसांची असताना आत जाऊन आलीया. तिला कसली बंदी?" आणि विषय मिटला.

रणजित तोंडाशीच बसला. आतला सिग्नल बाहेर धरून ठेवणारी डबी त्याच्या मांडीवर होती. "ताई, माझी टाच सापडली की पहिल्यांदा मला सांग हं," तो ओरडला. "गावातल्या एकाही बाप्यानं आजवर आपली टाच बघितलेली नाही. मी पहिला!"

"तुझी टाच ती, तिला भेगाच असणार," मी आतून म्हटलं आणि तो खो खो हसला.

गुडघ्यांवर रांगत थोडं पुढं गेलं की घळ डावीकडं वळते आणि मग दोन म्हशी मावतील एवढी खोली लागते. मी दिवा वर केला. हातावर हात होते. पिवळे, तपकिरी, नुसती सावली उरलेले, चुन्याच्या पापुद्र्याखाली बुडालेले, आणि प्रत्येकाच्या कुशीत एक इवलीशी टाच. धंद्यात मी खूप भिंती बघितल्यात, पण तिथं माझी बडबड बंद झाली. मी मुंगीला थुंकी दिली, भिंतीवर सोडली आणि ओल्या दगडावर बसून राहिले.

पडदा भरत गेला. रणजितची टाच हिरव्या रंगात आली. शेजारी तळहात आला आणि त्यावर नाव उमटलं, हेमलता. मी ओरडून सांगितलं. बाहेर त्यानं शिट्टी वाजवली.

त्याच्याच खाली, हातभर अंतरावर, पापुद्र्यांच्या तळाशी सुपारीएवढा करडा ठिपका आला.

मी तिथं हात लावला नव्हता. शिंकलेही नव्हते. "सापडले की मी!" मी मोठ्यानं म्हटलं, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. मग मी शेजारचा हात बघायला बोट सरकवलं. आईनं थुंकी दिली नव्हती, म्हणजे तिथं कुठलातरी बिननावाचा रंग येणार होता.

तिथं नाव होतं. हेमलता. आणि खाली मुंगीनं अदबीनं विचारलं होतं, 'ऑपरेटरची आई. अशी नोंद करायची का?'

मी नाही दाबलं. मुंगीला मागं घेतलं, सुई बदलली, पुन्हा फिरवलं. तेच. तिसऱ्यांदा फिरवलं. तेच. मग मी माझ्या टाचेवर बोट दाबून थर उघडायला लागले. मुंगी चुकली असेल तर थरांत घोटाळा दिसेल, असं वाटलं. घोटाळा नव्हता. पहिल्या पापुद्र्यावर पुन्हा मावशीचा हात होता, नुसता, हळदीशिवायचा. त्याच्या वरच्या पापुद्र्यावर पुन्हा. त्याच्याही वर पुन्हा. म्हणजे वर्षामागून वर्ष ती इथं येऊन माझ्या टाचेवर तळहात ठेवून जात होती. आणि मग एका थरानंतर काही नाही. नुसता स्वच्छ चुना, थेट वरपर्यंत.

तो थर कधीचा ते मी ताडून बघितलं. ज्या पापुद्र्यावर रणजितची टाच उमटली होती, तोच.

"ताई, गप्प का झालीस?" रणजित बाहेरून ओरडला.

"मुंगी अडकलीय," मी म्हटलं. "तू जा जेवायला."

दुपारी मी घरी आले तेव्हा मावशी परसात हाताला राख चोळून काजूबी फोडत बसली होती. त्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. आई जवळच उंबऱ्यावर बसली होती. तिनं माझं तोंड बघितलं, "चहा ठेवते" म्हणाली आणि आत गेली. तो चहा काही बाहेर आला नाही.

मी पडदा मावशीपुढं धरला. "हा हात कुणाचा?"

तिनं बघितलं. हातातली बी खाली ठेवली. "दार लाव आधी," ती म्हणाली.

मी परसाचं दार लावलं.

"रणजितनं बघितलं?"

चौतीस वर्षांनी माझ्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य हे.

"नाही."

"उद्या देवळात नकाशा मांडशील तवा समद्यांना दिसणार?"

"मी ठेवलं तर दिसणार."

"पूस मग."

कायकाय मनात धरून मी डोंगर उतरले होते! ती रडेल, मी रडेन, ती जवळ घेईल, मी झटकून टाकीन आणि मग टाकणार नाही. माझा आवाज चढला. "एवढंच? पूस? मी कोण, कुठं होते, काय खात होते, काही विचारायचं नाही तुला?"

"हळू बोल. काय कमी केलं तुला अक्कानं?" मावशी म्हणाली. "माझं लगीन व्हायचं हुतं. ठिवून घेतली असती तर माझ्या बापानं दोघींनाबी विहिरीत घातलं असतं. अक्काला मूल हुईना. ती बाळंतपणाला आल्यागत आली आन तुला घिऊन गेली. कुणाला पत्ता लागला न्हाई. थुंकीलाबी पाटलाच्या बायकोनं न्हाई कसं म्हणायचं?"

"आणि तो कोण होता?"

"त्याचं नाव काढायचं न्हाई."

"बरं, नाही काढत. मग भिंतीवर तुझा हात कशाला? आईचा उमटवायचा! गावाला फसवलंत, सरकारला फसवलंत, मला फसवलंत, मग एका हातासाठी कुठं अडलं?"

मावशीनं माझ्याकडं वेड्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. "सटवाईला कसं फसवायचं?" ती म्हणाली. "सुईण तयार हुती. अक्काच न्हाई म्हणाली. माझा हात लावू नका, देवीपुढं खोटं चालत न्हाई, लेकरावर येतं. पायरीवर बसून ऱ्हायली ती. मग मीच तुला घिऊन आत गेले."

जन्माचा दाखला खोटा, शाळेतलं नाव खोटं, विहिरीत पडलेला फोन खोटा. सगळ्या जगापुढं या दोघी बेधडक खोटं बोलल्या आणि एका ओल्या भिंतीपुढं मात्र यांना खरं बोलायची बुद्धी झाली. आणि नेमकं तेवढंच टिकलं.

"नंतरही जात होतीस तू," मी म्हटलं. "दरवर्षी. माझ्या टाचेवर हात ठेवायला."

तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "तेबी दिसतंय?"

"सगळं दिसतं. मग थांबलीस का?"

मावशीनं एक बी उचलली, फोडली, गर सुपात टाकला. "रणजित झाला," ती म्हणाली.

एवढं उत्तर. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजूनही वाटतं.

"ठीक आहे. पुसते मी," मी म्हटलं. "पण एकदा मला लेक म्हण. इथं कोणी नाही, दार लावलंय. एकदा म्हण आणि मी सगळं पुसून टाकते."

ती हातावरची राख चोळत राहिली. "तू अक्काची लेक हाईस," ती म्हणाली. मग मान वर करून विचारलं, "मशीनमधलं तू पुसशील. भिंतीवरचं काय? उद्या दुसरा कोण दुसरी मुंगी घिऊन आला तर?"

धंद्यात मी होते, पण हे सुचलं तिला.

ती खुरपं घेऊन माझ्याबरोबर घळीत आली. आत तिला दिव्याची गरज लागली नाही. ती सरळ त्या जागेपाशी गेली आणि न चाचपडता तिचा हात टाचेवर पडला. क्षणभर तिथंच राहिला. मला वाटलं, आता ही खुरपं टाकून देईल. मग तिनं करपलेलं पातेलं घासावं तसं जोर लावून खरवडायला सुरुवात केली. आधी टाच, मग आपला हात. मी दिवा धरून उभी होते. चुन्याचा भुगा तिनं खाली पडू दिला नाही. पदर पसरून त्यात झेलला आणि गाठ मारली.

ती गाठ बघून माझ्या मूर्ख मनाला काय वाटलं असेल ते सांगायला नको. "ठेवणार आहेस?" मी विचारलं.

"खाली सांडला तर तुझी मुंगी हुडकंल," मावशी म्हणाली. घरी गेल्यावर तिनं तो भुगा पाणी तापवायच्या चुलीत टाकला.

मी तिथंच, घळीत, पडदा उघडला. तिचा हात मला हातानं निवडून पुसावा लागला. माझ्यासाठी काहीच करावं लागलं नाही. 'स्वच्छ करा' दाबलं आणि मुंगीनं मला उचलून फेकून दिलं. पडद्यावर अक्षरं आली, 'ऑपरेटर वगळला. नकाशा शुद्ध आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं. मी यंत्र लावलं आणि मंडपाच्या मधोमध हवेत घळ उभी राहिली, हात-टाचांसकट. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पुरुष तर लहान पोरांसारखे धावले. एका म्हाताऱ्याला त्याच्या आईचा हात सापडला. तिला जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. तो हवेतल्या त्या हाताला हात लावायला जायचा आणि हात आरपार जायचा, तरी पुन्हा पुन्हा लावत होता. नाक पुसत म्हणाला, "लई उपकार झालं पोरी." मी मान हलवली.

रणजित आपल्या टाचेपाशी उभा राहून सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होता. "ही मी. आणि हा आईचा हात. ताई, खाली हे रिकामं का गं?"

"तिथं दगड सुटलाय," मी म्हटलं.

"पाणी मुरतंय तिथं," मावशी मागून म्हणाली.

तेवढ्यात ती सभेतली म्हातारी पुढं आली. तिनं चष्मा सारखा केला, घळीभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्यानं विचारलं, "वासंती, तुझा हात कुटं हाय गं? आन पोरीची टाच?"

आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आईनं थुंकी दिली नाही आजी, म्हणून तिचं नाव येत नाही," मी म्हटलं. "आणि मी तर ऑपरेटर. ऑपरेटरला मशीन वगळतं."

"म्हंजे वाढणारीच उपाशी की गं!" म्हातारी म्हणाली आणि सगळा मंडप हसला. पोलीसपाटील हसले, रणजित हसला. मावशीही हसली. चांगली दात दाखवून हसली.

"ताई, पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी मुंगी सोडेल," रणजित माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "तुझी टाच काढल्याशिवाय मी सोडतोय होय!"

"काढू," मी म्हटलं. त्याचं नाक अगदी माझ्यासारखं आहे. इतक्या वर्षांत ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही.

निघताना मावशीनं आईच्या पिशवीत काजूगर भरले, तिला कुंकू लावलं. मला म्हणाली, "ये गं." दरवर्षी म्हणते तसंच.

गाडी घाट उतरायला लागली. पहिल्या वळणाला मला राहवलं नाही.

"का अडवलं नाहीस मला?"

"अडवत होते की. तू ऐकतीस कुणाचं?"

"सांगायचं होतंस मग."

"काय सांगू? तू माझी नाहीस म्हणून सांगू?" आई म्हणाली. "मला ते कधी म्हणता आलं नाही. आता तुला कळलंय, तर तू म्हण."

मला ते म्हणायचं नव्हतं. राग तर इतका आला होता की गाडीतून उतरून चालत जावं. रागातच मी म्हटलं, "गाडी वळवते. आपण परत जाऊ. भिंतीवर आता जागा मोकळी आहे. तू हात लाव, शेजारी मी टाच लावते. ऑपरेटर कोणी का असेना."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे टोमणा म्हणून बोललेच नव्हते. मी खरंच गाडीला थांबायला सांगितलं. गाडी कडेला थांबली.

आईनं आपला उजवा तळहात मांडीवर उलटा केला आणि बघत बसली. याच हातानं तिनं मला न्हाऊ घातलं, मारलं, भरवलं, तापात रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ती हो म्हणणार, अशी माझी खात्री झाली.

"नको बाई," ती म्हणाली. "सटवाईपुढं खोटं चालत नाही. लेकरावर येतं."

"मी आता लेकरू आहे का आई?"

गाडी पुन्हा चालू झाली आणि आईनं काच खाली केली. मग मी कुणाची, असं मी विचारलं. वाऱ्यात तिला ते ऐकू गेलं नसावं.